कॅडमियमला कोळशाची वेसण

जपानमधल्या जिंझू नदीकाठची भातखाचरं स्वच्छ करायचं काम १९७९ मध्ये सुरू झालं आणि २०१२ मध्ये संपलं. क्षेत्र ८६३ हेक्टर. वरच्या अंगाच्या कामिओका खाणीतलं कॅडमियम पाण्यावाटे शेतात उतरलं होतं. तिथला भात वर्षानुवर्षं खाऊन कित्येक बायकांची हाडं इतकी ठिसूळ झाली की साध्या हालचालीनेही मोडत. उपाय एकच होता, माती बदलणं.

चीनमध्ये तो चालण्यासारखा नाही. २०१४ च्या सरकारी पाहणीत मातीचे १६.१ टक्के नमुने मर्यादेबाहेर दूषित निघाले, आणि त्यात कॅडमियम सर्वांत पुढे होतं. एवढी माती उकरून टाकायची कुठे?

नानजिंग कृषी विद्यापीठाच्या संशोधकांनी यीशिंगच्या दूषित खाचरांत माती तशीच ठेवली. गव्हाचं काड ३५० ते ५५० अंश सेल्सिअसला, हवा जवळजवळ बंद करून भाजलं, की काळा, सच्छिद्र बायोचार उरतो. (कोकणातला राब वेगळा. तो उघड्यावर जळतो, त्यामुळे हाती मुख्यतः राखच लागते.) हेक्टरी ४० टन बायोचार मिसळलेल्या खाचरांत २००९ च्या तांदळातलं कॅडमियम ४५ टक्क्यांनी घटलं, पुढच्या वर्षी जवळपास ६२ टक्क्यांनी.

गंमत म्हणजे मातीतलं कॅडमियम होतं तिथेच होतं. आम्लधर्मी मातीत ते सहज विरघळतं, आणि मँगनीज आत घेण्यासाठी भाताच्या मुळांत जी वाट असते तिच्यातूनच आत शिरतं. बायोचार अल्कधर्मी असल्याने मातीचा सामू वाढतो. मग काही कॅडमियम कार्बोनेट होऊन साक्यासारखं खाली बसतं, काही बायोचारच्या ऋणभारित पृष्ठभागाला चिकटतं. खाचरात पाणी असेपर्यंत गंधकही त्याला जखडून ठेवतो. लोंब्या भरताना पाणी सोडून दिलं आणि मातीला हवा लागली, की ते मोकळं होऊ लागतं. बायोचारची खरी कसोटी या दिवसांत लागते.

आर्सेनिकच्या बाबतीत मात्र हाच बायोचार अंगाशी येऊ शकतो. आर्सेनिक मातीत बहुधा ऋणभारित रूपात असतं. सामू वाढला की मातीच्या कणांवरून ते सुटतं. म्हणून अशा जमिनींसाठी लोहाची प्रक्रिया केलेल्या बायोचारचे प्रयोग चालू आहेत.

शिवाय हेक्टरी ४० टन म्हणजे एकरी १६ टन! नत्रखतांनी माती पुन्हा आम्लधर्मी झाली, तर बांधलेलं कॅडमियम सुटण्याचा धोकाही आहेच. त्यामुळे बायोचार टाकल्यावरही सामू आणि तांदूळ दोन्ही अधूनमधून तपासावे लागतात.