जर्मनमध्ये छंद सांगताना

बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आमच्या ऑफिसात काल जर्मन सहकाऱ्यांनी विचारलं, फावल्या वेळात काय करता?

'मला क्रिकेट खेळायला आवडतं' म्हणजे 'इश श्पीलं गेर्न क्रिकेट'. 'आवडतं'साठी वेगळं क्रियापद नको. 'श्पीलं'नंतर 'गेर्न' आलं की झालं.

सुरुवात 'फावल्या वेळात'ने केली तरी क्रियापद दुसऱ्याच जागी: 'इन माइनर फ्राइत्साइट लेझं इश गेर्न'. म्हणजे 'फावल्या वेळात मला वाचायला आवडतं'.

'गिटार वाजवता येते' म्हणताना मात्र मुख्य क्रियापद थेट शेवटी: 'इश कान गिटारं श्पीलन'.

आता उच्चार. 'इश'च्या शेवटी खरा 'श' नाहीच. 'ह्या' म्हणताना जिभेवरून जी हवा घासत जाते, साधारण तसाच आवाज काढा.

तुमचा छंद कमेंटमध्ये लिहा, जर्मन वाक्य करून देते.