जनित्राची ‘मेगर’ चाचणी : आकडा कमी आल्यास काय करावे?

रुग्णालयाच्या जमाखर्चात जनित्राच्या देखभालीची रक्कम एकाच ओळीत येते. परंतु वीजपुरवठा खंडित होताच अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रियागृह आणि नवजात शिशू कक्ष यांचा भार त्या एका ओळीवर येऊन पडतो. जनित्र सुरू होणे पुरेसे नाही. त्याची वीज वाटेत जमिनीकडे झिरपता कामा नये. याची खात्री ‘मेगर’ चाचणीने होते. ही चाचणी असमाधानकारक ठरल्यावर पुष्कळदा थेट अल्टरनेटर रिवाइंड करण्याचे दरपत्रक पुढे येते. म्हणून सन्माननीय विश्वस्त व देणगीदार यांच्या माहितीसाठी हे विवेचन.

मेगर हे उपकरण तारेवर ५०० व्होल्ट डी.सी. दाब देऊन तिच्यावरील रोधक आवरणाचा रोध मेगाओहममध्ये दाखविते. आकडा जितका मोठा, तितके आवरण सुस्थितीत. ४१५ व्होल्टच्या नेहमीच्या अल्टरनेटरच्या वाइंडिंगसाठी आय.ई.ई.ई. ४३ या प्रमाणकाच्या २०१३ च्या आवृत्तीनुसार ४० अंश सेल्सिअस तापमानास किमान ५ मेगाओहम अपेक्षित आहेत.

आकडा कमी आला म्हणजे वाइंडिंग जळाले, असा निष्कर्ष लगेच काढू नये. प्रथम चाचणी योग्य रीतीने झाली का, ते पाहावे. न्यूट्रल आणि अर्थ यांना जोडणारी पट्टी काढली नसेल, तर आकडा शून्यच येणार. तो दोष नव्हे. व्होल्टेज रेग्युलेटर व पॅनेलमधील इलेक्ट्रॉनिक भागही आधी सोडवावेत. अन्यथा आकडा फसवा येतो आणि ५०० व्होल्टच्या दाबाने ते भाग निकामी होऊ शकतात. वीज जाताच आपोआप सुरू होणाऱ्या जनित्राची बॅटरी सोडविल्याशिवाय आणि मुख्य स्विच बंद करून त्यास कुलूप लावल्याशिवाय कोणीही तारांना हात लावू नये. त्या काळात रुग्णालयासाठी पर्यायी जनित्राची सोय आधीच केलेली असावी.

यानंतर विभागणी करावी. समजा, अल्टरनेटर व केबल यांचा एकत्रित आकडा ०.२ मेगाओहम आला. दोन्ही वेगळे करून मोजल्यावर अल्टरनेटरचा १५० आणि केबलचा ०.२ आढळला, तर दोष केबलमध्ये आहे. चरात साचलेले पाणी, सैल ग्लँड, उंदरांनी कुरतडलेले आवरण ही त्याची नेहमीची कारणे. येथे खर्च केबलच्या तुकड्याचा आहे, वाइंडिंगचा नव्हे.

आकडा अल्टरनेटरचाच कमी असेल, तर पावसाळ्यात पहिला संशय ओलाव्याचा आणि दुसरा तेलकट धुळीचा घ्यावा. वाइंडिंग स्वच्छ करून हीटरने अथवा गरम हवेने सावकाश वाळवावे. वाळविताना आकडा प्रथम खाली जातो, कारण तापमान वाढले की आवरणाचा रोध घटतो. ओलावा निघून गेल्यावर तो पुन्हा चढतो. हे ठाऊक नसल्यास काम अर्ध्यावर सोडून वाइंडिंग निकामी ठरविले जाते. पूर्ण वाळवून व थंड करूनही आकडा वर आला नाही, तरच रिवाइंडिंगचा विचार करावा. तोपर्यंत ‘चालते तोवर चालू द्यावे’ हे धोरण मात्र रुग्णालयास परवडणारे नाही. प्रत्येक चाचणीनंतर वाइंडिंगमध्ये साठलेला विद्युतभार अर्थला जोडून उतरविणेही आवश्यक आहे.

शेवटचा मुद्दा नोंदवहीचा. दिनांक, तापमान, हवामान आणि आकडा यांची नोंद दर वेळी व्हावी. २००, मग ८०, मग २० असे आकडे आले, तर तिन्ही वेळा चाचणी उत्तीर्णच. पण ही उतरण पुढील संकटाची सूचना देते. ताळेबंदाप्रमाणेच येथेही एका वर्षाचा आकडा थोडेच सांगतो. मागील वर्षांशेजारी ठेवला की तो बोलू लागतो. योग्य क्रमाने केलेल्या तपासणीने अनावश्यक खर्च टळतो आणि आवश्यक खर्च वेळेवर होतो. रुग्णाची सुरक्षितता व देणगीदारांचा विश्वास या दोहोंचे रक्षण त्यातच आहे.