गाडी उभी राहिली की तापते? फॅनची तक्रार तोंडी ठेवू नका



आपल्याकडे बोलणे निघते ते जाळ्यांचे, बर्फाचे नाहीतर होडीच्या इंजिनाचे. पण हल्ली संस्थेत येणारे सभासद आणखी एक गाऱ्हाणे सांगू लागलेत. ते आहे घरच्या मोठ्या गाडीचे, म्हणजे एसयूव्हीचे. "रस्त्यावर पळते तोपर्यंत बरी. म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात अडकली की काटा वर!" दुसरा सांगतो, नार्व्याला फेरीबोटीच्या रांगेत एसी गरम हवा फेकतो. तिसरा मासळीचे बॉक्स भरून चोर्ला घाट चढताना मध्येच थांबला. गॅरेजमध्ये नेली की गाडी शहाण्यासारखी वागते. "चेक केली, ओके आहे," असे सांगून परत पाठवतात.

तिन्ही गाऱ्हाण्यांत एक गोष्ट सारखी आहे. गाडी उभी असताना किंवा हळू चढताना तापते. असे असेल तर पहिला संशय रेडिएटरच्या फॅनवर घ्यायचा.

होडीचे आउटबोर्ड इंजिन बाहेरचे पाणी ओढून थंड होते. मागे पाण्याची धार पडते की नाही, तिकडे आपले डोळे आपोआप जातात. धार बंद झाली तर आपण लगेच इंजिन बंद करतो. गाडीत मात्र तेच तेच कूलंट इंजिनातून रेडिएटरमध्ये फिरते आणि त्याला थंड करते ती हवा. गाडी वेगात असली की समोरचा वारा पुरतो. गाडी थांबली की वारा थांबला, मग सगळा भार फॅनवर. म्हणून फॅन बिघडलेली गाडी हमरस्त्यावर काही दाखवत नाही, रांगेत सापडली की दाखवते.

एसीचा कंडेन्सरही रेडिएटरच्या पुढेच असतो. म्हणून उभ्या गाडीत एसी गरम आणि चालती झाली की थंड, ही बहुतेक वेळा पहिली खूण. काटा त्यानंतर चढतो.

फॅन का थांबतो? विजेवरच्या फॅनमध्ये फ्यूज उडतो, रिले चिकटतो, तापमानाचा सेन्सर बिघडतो, कनेक्टरला गंज धरतो किंवा मोटरच जाते. खारी हवा गंजाला हातभार लावते. जुन्या डिझेल गाड्यांत फॅन पट्ट्यावर फिरतो. त्यातला क्लच सैल झाला की फॅन फिरताना दिसतो, पण हवा ओढत नाही. शिवाय मुळगाव-डिचोलीच्या खाणपट्ट्यातली तांबडी धूळ आपल्याला नवी नाही. तीच रेडिएटरच्या जाळीत बसते, वर पावसाचा चिखल. मग फॅन चांगला असूनही हवा आरपार जात नाही. जाळी धुताना जोराचा फवारा मारू नका, पाती वाकतात. हलक्या पाण्याने, जमल्यास इंजिनाच्या बाजूने बाहेर धुवा.

घरच्या घरी तपासणी सोपी आहे. गाडी मोकळ्या जागेत उभी करून एसी लावा. विजेवरचा फॅन बहुतेक गाड्यांत थोड्या वेळात फिरायला हवा. हात मात्र लांब ठेवा. इंजिन बंद केल्यावरही तो अचानक फिरू शकतो.

वाटेत काटा चढलाच तर एसी बंद करा, हीटर पूर्ण लावा, बाजूला घेऊन इंजिन बंद करा. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका. आत दाब असतो, उकळते कूलंट थेट तोंडावर येते. खाडीचे खारे पाणी तर कधीच ओतू नका, आतून गंज धरतो. "अजून दोनच किलोमीटर" म्हणून तशीच हाणली तर गॅस्केट जाते, हेड वाकते. फॅनचे काम थोडक्यात आटपते, हेडचे काम हंगामाची कमाई खाते.

आता मुख्य मुद्दा. आपले लोक तक्रार तोंडी करतात. तोंडी तक्रारीला पुरावा नाही. प्रत्येक वेळी जॉबकार्डवर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या: तारीख, किलोमीटर, कुठे तापली, एसी चालू होता का. काट्याचा फोटो काढा, उभ्या गाडीचा व्हिडिओ करा. जॉबकार्डची प्रत घेतल्याशिवाय निघू नका.

लिहिलेल्या तक्रारी जमल्या की काय होते, ते दक्षिण आफ्रिकेत दिसले. तिथे फोर्डच्या कुगा या एसयूव्ही पेट घेत असल्याच्या तक्रारी वाढत गेल्या. शेवटी जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने १.६ लिटर इंजिनाच्या ४,५५६ गाड्या परत बोलावल्या. तिथे दोष कूलंट नीट न फिरण्याचा होता. इंजिन तापून हेडला चीर जायची, तेल गळायचे आणि आग लागायची.

आपल्याकडेही २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने सदोष गाड्या परत बोलावण्याचा अधिकार सरकारला दिला आहे. १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू आहेत. सात वर्षांच्या आतल्या गाडीची तक्रार 'वाहन' पोर्टलवर नोंदवता येते. एकाच मॉडेलच्या तक्रारी ठराविक संख्येच्या वर गेल्या की चौकशी लागते. म्हणून शेजाऱ्याने केली आहे म्हणून आपण गप्प बसायचे नाही. प्रत्येक तक्रार मोजली जाते.

वॉरंटीत असूनही दाद लागत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५० लाखांपर्यंत किंमत मोजलेल्या वस्तूची तक्रार तिथे चालते. ५ लाखांपर्यंत फी नाही, वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. "गाडीतून मासळी नेता, म्हणजे तुम्ही ग्राहक नाही," असे कोणी सांगितले तर घाबरू नका. स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठीच घेतलेल्या वस्तूचा मालक कायद्याने ग्राहकच.

ज्यांची गाडी तापते, त्यांनी बिले आणि जॉबकार्डे घेऊन संस्थेत यावे. अर्ज लिहायला आम्ही मदत करू. एकाच मॉडेलच्या दोन-तीन तक्रारी असतील तर सगळ्यांनी मिळून नोंदवू.

– सचिव, आपली संस्था, मुळगाव