पीडीएफमधली अक्षरे उतरवताना

समजा, गेल्या वर्षीची भूगोलाची प्रश्नपत्रिका पीडीएफ फाईलमध्ये आहे आणि तिच्यातील एकच प्रश्न बदलायचा आहे. बाई ती संगणकावर उघडतात, मजकूर उचलून दुसरीकडे उतरवतात आणि पाहतात तो काय! वेलांट्या एकीकडे, अक्षरे दुसरीकडे, रफार बेपत्ता आणि तक्त्याचा पार बोजवारा उडालेला. पडद्यावर इतकी सुबक दिसणारी अक्षरे अशी का बरे विसकटली?

पीडीएफ ही पद्धत ॲडोबी कंपनीने १९९३ साली आणली ती पान कोणत्याही यंत्रावर हुबेहूब दिसावे म्हणून. त्यासाठी ती पानाला आलेखाचा कागद मानते. एका इंचाचे ७२ भाग करायचे. प्रत्येक भाग म्हणजे एक पॉइंट. ए-४ कागद सुमारे ५९५ पॉइंट रुंद आणि ८४२ पॉइंट उंच भरतो. मग फाईलमध्ये सूचना असतात : अमुक फाँटमधली अमुक आकृती डावीकडून ७२ आणि खालून ७०० पॉइंटवर उमटव. शब्द कोठे संपला, परिच्छेद कोठे सुरू झाला, याची नोंद बहुधा नसतेच. तक्ता म्हणजे नुसत्या रेघा आणि त्यांच्यामध्ये पडलेले आकडे!

तेव्हा रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीला अंदाज बांधावे लागतात. एका उंचीवरची अक्षरे ती एक ओळ समजते. फट मोठी दिसली की शब्द संपला, ओळींमधील अंतर वाढले की नवा परिच्छेद. पानाच्या मधोमध उभा कोरा पट्टा दिसला तर स्तंभ दोन. हा पट्टा नजरेतून सुटला, तर डावीकडची ओळ थेट उजव्या स्तंभात घुसते.

मराठीची गंमत आणखी निराळी. ‘विज्ञान’ हा शब्द पाहा. कागदावर वेलांटी आधी, ‘व’ नंतर. पण युनिकोड या जागतिक संकेतावलीत क्रम उच्चाराचा असतो : व, वेलांटी, ज, हलन्ताचे चिन्ह, ञ, काना, न असे सात संकेत. छपाईत मात्र ‘ज्ञ’ ही एकच आकृती. ‘सूर्य’मधला ‘र’ तर ‘य’च्या डोक्यावर जाऊन बसतो! कोणती आकृती कोणत्या संकेतांची, हे सांगणारी सारणी फाईलमध्ये जोडता येते. ती नसली किंवा चुकली की गोंधळ झालाच. युनिकोडपूर्वीच्या अनेक फाँटांत तर रोमन अक्षरांच्याच संकेतांना मराठी मुखवटे चढवलेले असत. मजकूर उतरवला की मुखवटा गळतो आणि अर्थहीन रोमन अक्षरे उरतात.

बाईंना प्रश्न पुन्हा टंकलिहिता येईल. पण अंध विद्यार्थ्याचे काय? त्याला मजकूर वाचून दाखवणारी आज्ञावली आकृती पाहत नाही, संकेत वाचते. तुम्हाला स्वच्छ दिसणारे पान त्याच्या कानांवर निव्वळ बडबड म्हणून पडते.

पान स्कॅन केलेले असेल तर संकेतही नसतात, असते फक्त छायाचित्र. मग ठिपक्यांवरून अक्षरे ओळखावी लागतात. तेथे आपली शिरोरेषा अक्षरांना एकत्र बांधून ठेवते आणि ‘घ’-‘ध’, ‘भ’-‘म’ यंत्राला चकवतात.

मांडणी राखण्याचे मार्ग दोन. प्रत्येक तुकडा जागच्या जागी चौकटीत ठेवला तर पान मूळच्यासारखेच दिसते, पण दोन शब्द वाढवले की चौकट अपुरी पडते. सलग मजकूर केला तर दुरुस्ती सोपी, पण ओळी जागा सोडतात. प्रश्नपत्रिकेसाठी मी दुसराच मार्ग निवडेन. मात्र उतरवलेले आकडे मूळ पानाशी एकेक करून ताडून पाहावेत. शुद्धलेखन तपासणाऱ्या आज्ञावलीला ‘३५’चा ‘५३’ झालेला कळत नाही.