रायफलीचा नेम आणि नळीची बैठक

नेम चुकला म्हणजे दोष बहुधा हातास किंवा काडतुसास दिला जातो. परंतु पुष्कळदा त्याचे मूळ नळीच्या बैठकीत असते. बार उडताना पोलादी नळी क्षणमात्र कंप पावते. हा कंप दर खेपेस सारखा झाला, तरच गोळ्या एका ठिकाणी पडतात. दस्त्याचे लाकूड नळीस एका अंगाने दाबू लागले, किंवा जोडणीचे स्क्रू ढिले पडले, की कंप बदलतो व गोळ्या फाकतात.

सन १९०७ मध्ये ब्रिटिश सैन्यात आलेल्या ली-एनफील्ड मार्क ३ रायफलीत नळी तोंडापर्यंत लाकडाने वेढलेली असून, तोंडाजवळ स्प्रिंगचा खिळा तिला खालून हलका रेटा देतो. पावसाळ्यात दाराची फळी फुगते, तसेच हे लाकूडही फुगते आणि तो मेळ मोडतो. नळी तापल्यानेही दाब पालटतो. म्हणून कित्येक रायफलींत नळीचा पुढील भाग लाकडापासून मोकळाच ठेवतात.

रायफल उघडून पुन्हा जोडल्यावर स्क्रू पूर्वीइतकेच आवळले आहेत की नाहीत, हे पाहावे; लाकूड तासण्याचे काम मात्र जाणत्या कारागिराकडेच द्यावे. चुकलेली गोळी बांधावर थांबत नाही. पलीकडच्या शेतात माणसे असतात, हे विसरू नये.