घरांतील मत्स्यालय : आधीं पाणी, मागाहून मासे

मालवणच्या किनाऱ्यावर माशाची पहिली ओळख बहुधा मागील दारीं, टोपलींत होते. त्याच किनाऱ्यावरील घरांत ओटीवर कांचेची पेटी मांडून तींत मासे पाळण्याची हौस शिरलेली पाहून कित्येकांस हसूं येतें. आम्हांस त्यांत हसण्यासारखें कांहीं दिसत नाहीं. बाराव्या शतकांतील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें आपल्या 'मानसोल्लास' ग्रंथांत 'मत्स्यविनोद' नांवाचें प्रकरणच घातलें असून माशांच्या जाती व त्यांस घालावयाचें खाद्य यांचें त्यांत वर्णन आहे. राजाचा विनोद गळानें मासे धरण्याचा होता. आपला त्यांस जगविण्याचा आहे, आणि तो अधिक अवघड आहे.

अवघड अशासाठीं कीं, बहुतेक घरांत एकच प्रकार घडतो. सकाळीं पेटी आणावयाची, दुपारीं भरावयाची आणि सायंकाळीं मुलांच्या आग्रहास्तव दहाबारा मासे सोडावयाचे. तीनचार दिवस सारें कुटुंब पेटीसमोर बसतें. आठवड्याच्या आंतबाहेर एकेक मासा पोट वर करून तरंगूं लागतो, मुलें रडतात, आणि वडील मंडळी 'दुकानदारानें रोगट माल दिला' म्हणून मोकळी होतात. दोष बहुधा माशांचा नसतो. पाण्याचा असतो, आणि तें पाणी तर स्फटिकासारखें निर्मळ दिसत असतें!

माशांच्या कल्ल्यांवाटे व विष्ठेवाटे पाण्यांत अमोनिया उतरतो. नदीतळ्यांत एका प्रकारचे सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट करितात, व दुसऱ्या प्रकारचे त्या नायट्राइटचें नायट्रेट करितात. पहिले दोन पदार्थ माशांस विषासमान आहेत. तिसरा बेताच्या प्रमाणांत निरुपद्रवी, आणि वनस्पतींस तर तें खतच होय. नव्या पेटींत हे जंतु जवळजवळ नसतातच. वाळूवर व गाळणीच्या स्पंजावर त्यांची वस्ती होण्यास सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून पेटी भरावी, गाळणी चालू करावी, रोज चिमटीभर खाद्य टाकावें, आणि मासा मात्र एकही सोडूं नये. तें खाद्य कुजून अमोनिया होतो व जंतूंस अन्न मिळतें. हे पदार्थ मोजण्याचीं साधनें मत्स्यालयाच्या दुकानांत मिळतात. अमोनिया व नायट्राइट या दोहोंचें प्रमाण शून्यावर येऊन नायट्रेट दिसूं लागलें, म्हणजे पाणी तयार झालें असें समजावें.

इतके दिवस रिकाम्या पाण्याकडे पाहात बसणें मुलांस जड जाईल, हें आम्ही जाणतों. त्या अवधींत त्यांस रॉबर्ट वॉरिंग्टनची गोष्ट सांगावी. लंडनच्या या रसायनशास्त्रज्ञानें 1850 सालीं सोनेरी मासे व पाणवनस्पति एकत्र ठेविल्या. पानें कुजून पाणी बिघडूं लागलें, तेव्हां त्यानें तींत गोगलगाई सोडल्या; त्यांनीं कुजकें खाल्लें व पाणी सुधारलें.

पेटी निदान 2 फूट लांब, 1 फूट रुंद व 1 फूट उंच असावी. तींत सुमारें 56 लिटर पाणी मावतें, व वाळूकांचेसह वजन 70 किलोच्या पुढें जातें. तिच्याखालीं भक्कम मेज हवें. ऊन थेट येईल तेथें ती ठेवूं नये, शेवाळ माजतें. शोभेची गोल बरणी मुळींच घेऊं नये. समुद्राची वाळू घराजवळ फुकट मिळते, पण तींतील शिंपल्यांचा चुना व मीठ पाण्यांत उतरतें. नदीची जाड वाळू धुऊन घ्यावी. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन माशांस मारक असल्यामुळें तें जाण्यासाठीं पाणी एक दिवस उघडें ठेवावें किंवा दुकानांतील क्लोरीननाशक घालावें. विहिरीचें पाणी चांगलें, परंतु पावसाळ्यांत विहिरींत टी. सी. एल. पावडर टाकली असेल, तर त्यासही हाच नियम.

पहिल्यानें गप्पी मासे घ्यावेत. डासांच्या अळ्या खाण्यासाठीं आरोग्य खातें विहिरींत सोडतें, तेच हे, काटक असतात. पांचसहा पुरेत, व तेही सर्व नर असावेत. नाहींतर महिन्याभरांत पिलांचा सुळसुळाट होतो. सोनेरी मासा पुष्कळ मोठा होतो, या पेटींत त्यास कोंडूं नये. ओहोटीच्या वेळीं खडकांतील डबक्यांतले रंगीत मासे आणण्याचा मोह मुलांस होईल. तो मोडावा. ते खाऱ्या पाण्याचे; गोड्या पाण्यांत तडफडून मरतील. शिवाय सिंधुदुर्ग किल्ल्याभोंवतालचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, आणि प्रवाळ व समुद्रघोडा यांस कायद्याचें संरक्षण आहे. उलटपक्षीं, कंटाळा आला म्हणून पेटींतले मासे धामापूरच्या तलावांत सोडणें हेंही पुण्यकर्म नव्हे. उजनी धरणांत पसरलेल्या परदेशी सकर माशांनीं कोळ्यांस किती त्रास दिला आहे, तें वर्तमानपत्रांतून आलेंच आहे.

एकत्र कुटुंबास दोन गोष्टी विशेष सांगावयाच्या आहेत. पहिली खाद्याची. सकाळीं आजी देवपूजा आटोपून चिमूटभर कणीक टाकतात, दुपारीं काका टाकतात, शाळेंतून येऊन मुलें टाकतात; प्रत्येकास वाटतें, मासा उपाशी आहे. न खाल्लेलें सारें तळाशीं कुजतें. घरांतील एकाच व्यक्तीकडे हें काम द्यावें, आणि दोन मिनिटांत संपेल इतकेंच दिवसाकाठीं एकवार घालावें. दुसरी स्वच्छतेची. दिवाळीच्या आवराआवरींत पेटी रिकामी करून, वाळूसुद्धां घासूनपुसून लखलखीत करण्याचा उत्साह आमच्या घरांत फार. त्या लखलखाटांत जंतूंची वस्ती नाहींशी होते व सारा प्रकार पुन्हां पहिल्यापासून सुरू होतो. दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावें. काढलेलें पाणी परसांतील अळवास घालावें. स्पंज नळाखालीं न धरतां त्याच काढलेल्या पाण्यांत पिळावा.

आषाढांत वीज तासचे तास जाते. तेवढा वेळ खाद्य बंद ठेवावें, आणि वाटीनें पाणी काढून थोड्या उंचीवरून परत ओतीत राहावें, हवा मिसळते. रात्रीं वीज गेली तर कोणीतरी उठावयास हवें, तें कोण, हें आधींच ठरवून ठेवावें.