संकेतस्थळांच्या रचनेत अल्पतम सामर्थ्याचे तत्त्व

संकेतस्थळाचे पृष्ठ सामान्यतः तीन भाषांच्या साहाय्याने सिद्ध होते. एचटीएमएल आशयाची मांडणी करते, सीएसएस त्याचे बाह्य रूप ठरविते आणि जावास्क्रिप्ट त्यास क्रियाशील करते. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली सर्न या संस्थेत वेबची कल्पना मांडली, तेव्हा यांपैकी तिसरी भाषा अस्तित्वातच नव्हती. ब्रेंडन आइक यांनी ती १९९५ साली नेटस्केप कंपनीत निर्माण केली. अर्थात तिचे मूळ स्थान पूरक होते. पुढे अँग्युलरजेएस (२०१०), रिअ‍ॅक्ट (२०१३) इत्यादी फ्रेमवर्क प्रचारात आली आणि पुष्कळ ठिकाणी हा क्रम उलटला. सर्व्हर जवळजवळ रिकामे पृष्ठ पाठवितो व त्यातील आशय वाचकाच्या ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट उभा करते.

या पालटाचे परिणाम समजण्यासाठी या भाषांतील स्वभावभेद ध्यानात घेतला पाहिजे. अपरिचित खूण आढळल्यास ब्राउझर एचटीएमएलमधील तेवढी खूण सोडून पुढील मजकूर दाखवितो. जावास्क्रिप्टमध्ये मात्र एखादी चूक हाताळली गेली नाही, तर तेथून पुढचे काम खुंटते. शिवाय समान आकाराच्या चित्रापेक्षा जावास्क्रिप्टचा भार अधिक असतो. कारण ती उतरवून घेतल्यावर तिचे विश्लेषण, भाषांतर व अंमलबजावणी ही कामे वाचकाच्याच यंत्रास करावी लागतात. स्वल्प किमतीच्या मोबाइलवर हा विलंब स्पष्ट जाणवतो.

ब्रिटिश शासनाच्या गव्ह.यूके या संकेतस्थळावर २०१३ साली झालेली पाहणी या दृष्टीने उद्बोधक आहे. तीत १.१ टक्के वाचकांपर्यंत जावास्क्रिप्टचा लाभ पोहोचला नसल्याचे आढळले. ती बंद ठेवणारे वा तिची सोय नसलेले वाचक त्यांत केवळ ०.२ टक्के होते, उरलेल्या ०.९ टक्क्यांच्या ब्राउझरमध्ये ती असूनही चालली नव्हती. जोडणी मध्येच तुटणे, कार्यालयीन जाळ्याने फाइल अडविणे अशा कारणांनी असे घडू शकते. शासकीय सेवेच्या बाबतीत एवढा अंशही उपेक्षणीय नव्हे, कारण तेथे नागरिकास दुसरे दुकान गाठता येत नाही.

बर्नर्स-ली व नोआ मेंडेल्सन यांनी २००६ साली वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमतर्फे मांडलेले अल्पतम सामर्थ्याचे तत्त्व येथे मार्गदर्शक ठरते. कार्यास पुरेशा असणाऱ्या भाषांपैकी सर्वांत कमी सामर्थ्याची निवडावी, असा त्याचा आशय आहे. उदाहरणार्थ, शिष्यवृत्तीचा अर्ज घ्यावा. रकाना रिकामा राहू न देणे, ई-मेलचा पत्ता योग्य स्वरूपात आहे की नाही हे पाहणे, ही कामे एचटीएमएलच करू शकते. अंतिम तपासणी तर सर्व्हरवर करावीच लागते. त्यावर जावास्क्रिप्टने अधिक सोयी अवश्य द्याव्यात. मात्र ती न चालल्यास अर्ज अडता कामा नये.

सर्वच फ्रेमवर्क त्याज्य आहेत, असा याचा अर्थ नव्हे. हलता नकाशा किंवा अनेकांनी एकाच वेळी संपादित करावयाचा दस्तऐवज जावास्क्रिप्टवाचून संभवत नाही व तेथे फ्रेमवर्कची शिस्त उपकारक ठरते. परंतु जेथे केवळ वाचावयाचे वा अर्ज भरावयाचा असतो, तेथे तिच्यामुळे रचनाकाराचे वाचलेले श्रम वाचकाच्या यंत्रावर व वेळेवर पडतात. साधन निवडताना हा जमाखर्च प्रथम मांडला पाहिजे.